सायकलीला कान हवेत!

आमच्या शेजारच्या वहिनी चार घरचा स्वयंपाक करतात. त्यांची थोरली मुलगी यंदा नववीत गेली. आठवीपर्यंतची शाळा वस्तीजवळच होती, पण हायस्कूल साडेचार किलोमीटरवर. एस.टी. आहे, पण ती शाळा भरून तासभर झाल्यावर येते. तेव्हा वहिनींनी भिशीचे पैसे उचलले आणि जून महिन्यात मुलीसाठी नवी कोरी सायकल घेतली. लाल रंग, जाड टायर, मागे सहा गिअर, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, दोन्ही चाकांना मोटारसायकलीसारखे डिस्क ब्रेक. वस्तीतली पोरे दोन दिवस सायकलीभोवतीच होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, जरा दुकानात चला माझ्यासंगं. पोरगी पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वर्गात बसते. मुली हसतात. आणि ते दप्तर एवढं जड, खांदे दुखतात म्हणून रडते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवून घेऊ."

आम्हाला वाटले, पंधरा मिनिटांचे काम. गेलो. दुकानदार हसून म्हणाला, "या मॉडेलला मडगार्ड-कॅरिअर येत नाही. ही स्पोर्ट्स सायकल आहे." फारच आग्रह केल्यावर त्याने आतून एक कॅरिअर काढले आणि दुकानातल्या पोराने ते पत्र्याच्या पट्ट्या आणि रबराचे तुकडे लावून मागच्या तिरप्या नळ्यांवर आवळून दिले. मडगार्ड म्हणून प्लॅस्टिकची एक पट्टी सीटखाली अडकवली. वहिनींनी पैसे मोजले. आम्हीही समाधानाने घरी आलो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी उतारावर त्या पट्ट्या घसरल्या. कॅरिअर दप्तरासकट खाली बसले, त्याचा एक पाय चाकाच्या तारांत गेला आणि चाक जागच्या जागी अडकले. मुलगी रस्त्यावर आपटली. मागून येणारा टेम्पो थांबला म्हणून निभावले. डाव्या मनगटाला चार आठवडे प्लॅस्टर. पण त्याहून जास्त धक्का आम्हाला बसला तो त्या रात्री, मुलीच्या वडिलांचे बोलणे ऐकून. ते म्हणाले, "पुरे झाली ती सायकल आणि पुरे झालं ते हायस्कूल."

वाचक बंधू-भगिनींनो, पाच मिलिमीटर जाडीचा बोल्ट बसेल एवढे एक भोक त्या सायकलीच्या मागच्या सांध्यावर नव्हते. तेवढ्यासाठी एका हुशार मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. म्हणून हा विषय आम्ही या पानावर मांडत आहोत. ही केवळ मिस्त्रीची गोष्ट नाही, घराघरातली गोष्ट आहे.

सायकल म्हणजे नुसती दोन चाके नव्हेत

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या जवळजवळ ४५ घरांत सायकल होती. यातल्या बहुतेक सायकली हौसेच्या नाहीत. त्या कामाच्या आहेत. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूधवाला दूध घालतो. पाववाल्याचा पाव सायकलवर येतो. मुंबईचे डबेवाले हँडलला आणि कॅरिअरला डबे लावून गल्लीगल्लीत फिरतात. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा तर सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारून धारेचे चाकच फिरवतो. त्याचा कारखाना तीच आणि वाहनही तेच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. सायकलीला काहीतरी जोडावे लागते. कॅरिअर, टोपली, आकडा, दिवा, घंटी, स्टँड, लहान मुलाची सीट. हे जोडता आले तर सायकल पोट भरते. जोडता आले नाही तर ती फक्त फिरायची गाडी राहते.

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याची हकिगत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. १९९१ पासून तिथे साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची मोठी लाट आली. शीला राणी चुंकथ या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. खेड्यापाड्यांतल्या हजारो शेतमजूर, खाणकामगार, शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका सायकल चालवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले आहे. त्यात एक बारीक तपशील आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला म्हणून बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पण काहींना ती दांड्याची सायकलच जास्त आवडली, कारण दांड्यावर मूल बसवता येते! ज्याला रोज ओझे न्यायचे आहे तो माणूस सायकलीकडे कसा पाहतो, हे यावरून कळते. त्याला रंग दिसत नाही, जागा दिसते.

काळ्या सायकलीचे गुण आणि अवगुण

आमच्या वडिलांच्या पिढीने जी काळी सायकल वापरली, २२ इंची किंवा २४ इंची, दांड्याच्या ब्रेकची, तिचा आराखडा मुळात इंग्रजांच्या काळातला. २८ इंची चाके, जाड लोखंडी नळ्या, लांबलचक मांडणी. ती जड होती, तिला गिअर नव्हते. पण ती ओझ्यासाठीच घडवलेली होती. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, घंटी यांना तिच्यावर ठरलेली जागा होती. पुढच्या मुठीजवळ दिव्यासाठी लोखंडी पट्टी यायची. त्या काळी सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस पकडायचे, नगरपालिकेचा सायकलीचा बिल्ला लागायचा, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

तिच्या कॅरिअरचे पाय सरळ मागच्या एक्सलवर यायचे. याचा अर्थ असा की, ओझ्याचा सगळा भार सरळ खाली चाकाच्या आसावर जायचा. वरच्या पट्ट्यांना फक्त कॅरिअर डुलू न देण्याचे काम. मणभर धान्याचे पोते घेऊनही ते कॅरिअर बसत नसे, त्याचे कारण हे.

पण जुने ते सगळे सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. त्या सायकलीचे दोषही होते आणि आहेत. पहिला दोष हा की, सगळेच एका एक्सलच्या नटाखाली कोंबलेले. मडगार्डची तार, कॅरिअरचा पाय, स्टँड, चेन ताणायचा स्क्रू, सगळे एकावर एक. मागचे चाक काढायचे तर हे सगळे सुटे करावे लागते, वर चेनकव्हर आणि ब्रेकच्या काड्या आडव्या येतात. म्हणून तर आपले मिस्त्री मागचे पंक्चर चाक न काढता, ट्यूब बाजूने ओढून काढतात. ते त्यांचे कसब खरे, पण ते कसब आराखड्याच्या चुकीतून जन्मले आहे.

दुसरा दोष टोपलीचा. दांड्याच्या ब्रेकच्या काड्या हँडलखालून येऊन पुढच्या चाकाकडे उतरतात. टोपली नेमकी तिथेच लटकते. टोपलीत भाजी भरली की तिचे बूड काडीवर टेकते आणि ब्रेक अर्धवट दाबला जातो किंवा अडकतो. तिसरा दोष, त्या ब्रेकचे रबर लोखंडी रिमवर दाबते. रिम पावसात ओली झाली की ब्रेक फारच कमी लागतो, आणि पाठीमागे ओझे असेल तर विचारायलाच नको.

तेव्हा काळ्या सायकलीत सुधारणा हवीच होती. पण झाले असे की, दोष गेले त्यांच्याबरोबर गुणही गेले.

नव्या सायकलीत अडते कुठे?

वस्तीच्या नाक्यावर तीस-पस्तीस वर्षे सायकली दुरुस्त करणारे एक मिस्त्रीकाका आहेत. प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही ती लाल सायकल त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, मागच्या सांध्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, "साहेब, हिला कानच नाहीत. मी बांधू कशाला?"

मिस्त्रीकाका ज्याला कान म्हणतात तो म्हणजे मागचे चाक जिथे बसते तिथल्या पोलादी पत्र्याला असलेली आटे पाडलेली भोके. खरी कामाची सायकल असेल तर तिथे दोन्ही बाजूंना दोन-दोन कान हवेत, एक मडगार्डसाठी आणि एक कॅरिअरसाठी. शिवाय सीटखाली, वरच्या बाजूला तिरप्या नळ्यांवर आणखी दोन. कारखान्यात हे करायला विशेष खर्च नाही. पण डोंगरात उड्या मारायच्या सायकलीची नक्कल करताना ते गाळले जातात. उड्या मारणाऱ्याला कॅरिअर कशाला? मात्र आपल्याकडे ती सायकल घेऊन उड्या कोणी मारत नाही. ती घेऊन मुलगी शाळेला जाते, माणूस कामावर जातो.

कान नसले की पट्ट्या आवळाव्या लागतात. मागच्या नळ्या तिरप्या असतात आणि पुष्कळदा खाली निमुळत्या होत जातात. रस्त्याच्या धक्क्यांनी पट्टी रोज केसभर खाली सरकते. ती सरकते आहे हे दिसत नाही. दिसते ते एकदम, उतारावर.

दुसरी अडचण डिस्क ब्रेकची. मागच्या ब्रेकची डबी डाव्या बाजूला, बरोबर कॅरिअरचा पाय जिथून उतरतो तिथेच बसवलेली असते. मग मिस्त्री लांब बोल्ट घालतात आणि मध्ये नळीचा तुकडा किंवा वायसरांची थप्पी ठेवून कॅरिअरचा पाय बाहेर काढतात. पण बोल्ट जितका बाहेर येतो तितका तो वाकतो. जवळचा बोल्ट जे ओझे सहज पेलतो त्याच ओझ्याने दोन इंच बाहेर आलेला बोल्ट महिन्या-दोन महिन्यांत तुटतो. हीच ब्रेकची डबी दोन नळ्यांच्या कोनात, आतल्या बाजूला बसवली असती तर प्रश्नच नव्हता. काही सायकलींत ती तशी असतेही. म्हणजे हे अशक्य नाही, फक्त कोणी विचार केला नाही.

उजव्या बाजूची तऱ्हा वेगळी. तिथे गिअरची चेन असते. बोल्ट आतून थोडा जरी जास्त लांब निघाला तरी चेन सर्वांत लहान चक्रीवर आली की त्याला घासते, आणि एखाद्या दिवशी अडकते. म्हणून उजव्या बाजूला बोल्ट मापातच हवा, आतल्या बाजूने टोक बाहेर नको. हे साधे आहे, पण घाईत विसरले जाते.

पुढच्या चिमट्यातल्या स्प्रिंगांचे कौतुक सगळ्यांना असते. पण टोपलीचे पाय पुढच्या एक्सलवर आणि टोपली हँडलवर, अशी रचना असेल तर स्प्रिंग दाबली गेली की चाक वर येते, हँडल आहे तिथेच. या दोघांच्या ओढाताणीत टोपलीची पट्टी तुटते. पाय न लावता नुसती हँडलला टोपली अडकवली तर सगळा भार हँडलवर येतो. म्हणजे स्प्रिंगा असल्या तर पुढे जड टोपली नको, असाच त्याचा अर्थ. स्वस्त सायकलींतल्या या स्प्रिंगा आपल्या डांबरी रस्त्यावर फारशा उपयोगाच्याही नसतात, वजन मात्र वाढवतात.

जाड टायरमुळे चिमटा आणि टायर यांत बोटभरही जागा उरत नाही, मग मडगार्ड जाणार कुठून? त्याच टायरला बाजूने खडबडीत गाठी असतात, म्हणून बाटलीसारखा जुना डायनामो लावला तर तो घसरतो. हँडल मध्यभागी जाड आणि टोकाकडे बारीक असते. घंटी आणि दिव्याची कडी बारीक भागाच्या मापाची येते, तिथे आधीच मूठ, ब्रेकची पकड आणि गिअरची कळ यांची गर्दी. मग घंटी हाताला लागणार नाही अशा ठिकाणी जाते, आणि जी वेळेवर वाजत नाही ती घंटी असून नसून सारखी.

स्टँडचेही तसेच. जुन्या सायकलीचे मागचे स्टँड चाक उचलून धरायचे, सायकल सरळ उभी राहायची. ओझे चढवायला दोन्ही हात मोकळे. आता एका पायाचे बाजूचे स्टँड येते. कॅरिअरवर ओझे ठेवले की पुढचे चाक वळते आणि सायकल आडवी. हे स्टँड बसवायला दोन नळ्यांच्या मध्ये पत्र्याची बैठक हवी. ती नसेल तर ते नळीवर आवळतात. नळी ॲल्युमिनियमची असली तर ती चेपते, आणि खालून गिअरची वायर गेली असली तर तीही दाबली जाते. मग गिअर का पडत नाही म्हणून आपण मिस्त्रीला दोष देतो!

शेवटची गोष्ट लांबीची. सायकल चपळ दिसावी म्हणून मागचे चाक सीटखाली ओढून घेतलेले असते. अशा सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या की पायडल मारताना टाच पिशवीवर आपटते. पिशवी मागे सरकवली तर भार चाकाच्याही मागे जातो आणि पुढचे चाक हलके होऊन हँडल डुलते. काळी सायकल लांब का होती, ते अशा वेळी लक्षात येते.

ओढणी, पदर आणि लहान पाय

आता जे सांगायचे ते विशेषतः भगिनींसाठी. मोटारसायकलीच्या मागच्या चाकावर जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. ती हौस नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन मोटारसायकलीला हवे, असे तो सांगतो. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून तो नियम तिला लागू होत नाही. पण ओढणी काय, नियम वाचून चाकात जाते?

लहान मुलाला कॅरिअरवर बसवले की त्याचे पाय लोंबकळतात, दमले की आत वळतात आणि टाच तारांत सापडते. टाचेची कातडी निघते, कधी घोट्याचे हाड मोडते. डॉक्टरांना ही इजा चांगली ओळखीची आहे. तिच्यावर उपाय जाळी आणि पाय ठेवायला पट्टी एवढाच. जाळी लावायला मडगार्ड हवे, मडगार्ड लावायला कान हवेत. एका कानावाचून किती गोष्टी अडतात, पाहा!

दुसरीकडे कसे जमते?

हॉलंडमध्ये रोजच्या कामाची सायकल दुकानातून निघते तीच मडगार्ड, कॅरिअर, पूर्ण चेनकव्हर, कपडे अडकू नयेत म्हणून चाकावर आवरण, दिवा, कुलूप आणि स्टँड यांच्यासह. हे जोडसाहित्य नसून सायकलीचाच भाग आहे, असे तिथे धरले जाते.

जपानमध्ये आयांच्या सायकली प्रसिद्ध आहेत. पुढे पाय लावलेली भक्कम टोपली, मागे रुंद स्टँड, दिवा, कुलूप. तिथे २००९ मध्ये सहा वर्षांखालील दोन मुलांना सायकलवर नेण्याची मोकळीक मिळाली, पण त्यासाठी मुद्दाम मजबूत घडवलेल्या सायकलीची अट घातली गेली. म्हणजे, आयांना नुसते 'असे करू नका' असे न सांगता 'तशी सायकल बनवा' असे कारखानदारांना सांगितले गेले. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आफ्रिकेतले उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. त्सुनामीनंतर २००५ मध्ये वर्ल्ड बायसिकल रिलीफ नावाची संस्था सुरू झाली. तिने झांबियासारख्या देशांतल्या खेड्यांसाठी 'बफेलो' नावाची सायकल तयार केली. जाड नळ्या, मागे पायडलने लागणारा ब्रेक आणि १०० किलो ओझे पेलणारे कॅरिअर. शाळेच्या मुली, आरोग्यसेविका आणि दूध उत्पादक ती वापरतात. तिथे आधी ओझे ठरले, मग सायकल ठरली. आपल्याकडे आधी सायकल येते आणि मग ओझ्याने जागा शोधायची.

मुलींच्या शाळेशी सायकलीचा संबंध किती घट्ट आहे, याचा पुरावा बिहारमध्ये मिळाला. तिथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिची तपासणी केली. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत दिली जात आली आहे. ही मदत मिळाली की घरी कोणती सायकल येते, हे पाहणे आपल्या हातात आहे.

सायकल घेताना एवढे पाहा

१) मागच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन कान आहेत का, आणि सीटखाली वर दोन आहेत का, ते बोट लावून पाहा. नसतील तर ती कामाची सायकल नाही.

२) टायर आणि चिमटा यांमध्ये एक बोट सहज गेले पाहिजे. नाही गेले तर मडगार्ड बसणार नाही.

३) मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, जाळी, स्टँड हे दुकानातच बसवून घ्या. 'नंतर बसवू' या शब्दावर पैसे देऊ नका.

४) मुलीला बरोबर न्या, दप्तरही न्या. दप्तर कॅरिअरवर बांधून तिला दुकानासमोर चालवू द्या. टाच लागते का, हँडल डुलते का, स्टँडवर सायकल उभी राहते का, ते पाहा.

५) सीटच्या नळीला अडकवायचे, खाली पाय नसलेले कॅरिअर दप्तरासाठी घेऊ नका. त्याचा सगळा भार एकाच पकडीवर लोंबतो.

६) मागचा लाल परावर्तक कॅरिअरच्या टोकाला किंवा मडगार्डवर लावा. सीटखाली लावला तर दप्तराने झाकला जातो. पुढच्या दिव्यासमोर टोपली येऊ देऊ नका.

७) कॅरिअर बसावे म्हणून सायकलीच्या नळीला भोक पाडू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या नळीवर वेल्डिंग तर मुळीच नको. नळी तिथूनच तडकते.

८) महिन्यातून एकदा पाना घेऊन सगळे बोल्ट आवळा. हे काम मुलीलाच शिकवा. पाना धरायला मुलगा असावा लागत नाही.

मग त्या लाल सायकलीचे काय झाले?

मिस्त्रीकाकांनी दोन दिवस ती दुकानात ठेवून घेतली. मागचा एक्सल नटाचा होता, हे नशीब. त्यांनी तो काढून दोन्ही टोकांना अर्धा इंच जास्त लांब असलेला एक्सल घातला. जुन्या काळ्या सायकलीचे लोखंडी कॅरिअर भंगारातून आणले, त्याचे डावे पाऊल भट्टीत तापवून ब्रेकच्या डबीवरून बाहेर वळवले आणि दोन्ही पाय सरळ एक्सलवर, वेगळ्या नटाखाली आवळले. त्याच कॅरिअरला धरून मडगार्डच्या तारा आणि जाळी बसवली. पुढचे मडगार्ड मात्र काही केल्या बसले नाही. स्प्रिंगांनी जागाच ठेवलेली नाही.

काम झाल्यावर काकांनी कॅरिअरवर स्वतः बसून दाखवले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "दादा, दोष पोरीच्या चालवण्याचा नव्हता. बांधणीचा होता. आता घाला शाळेत." वडील काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर कॅरिअरला त्यांनीच बांधले. ते आम्ही दारातून पाहिले.

दर वस्तीत असा मिस्त्री नसतो आणि दर बापाचे मन वळतेच असे नाही. म्हणून आमची सूचना अशी. शाळा सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी आपापल्या समाजमंदिरात सायकलींची तपासणी ठेवा. जाणत्या मिस्त्रीला बोलवा, त्याची मजुरी वर्गणीतून द्या. प्रत्येक मुलीच्या सायकलीचे कॅरिअर, जाळी आणि ब्रेक तपासा. शाळेच्या पालक सभेत उभे राहून विचारा की, मुलींना मिळणाऱ्या सायकलीला कॅरिअर, मडगार्ड आणि जाळी आहे का. दुकानदाराला विचारा, एकदा नाही, प्रत्येक वेळी विचारा. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर कारखाना ऐकत नाही.

आपल्या आयाबहिणींनी डोक्यावरून ओझी पुष्कळ वाहिली. ते ओझे चाकावर यावे म्हणून सायकल आली. आता ते पुन्हा मुलींच्या खांद्यावर चढू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.